बामणघळ आणि पाठाचे टाचण

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात भूविज्ञान नावाचा तास नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी माध्यमिक शाळेत तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा शिक्षकही स्वतंत्रपणे तयार केला जातो. आपल्याकडे खडक, भूकंप, नदीचे काम, लाटांचे काम, भरती-ओहोटी हे सारे भूगोलात येते, आणि भूगोल इतिहासाच्या शेजारी सामाजिक शास्त्रांत बसतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरातही हीच वाटणी आहे. गणित-विज्ञानाचे उमेदवार एकीकडे, सामाजिक शास्त्रांचे दुसरीकडे. त्यामुळे जो शिक्षक पुढे सहावीला खडकांचे प्रकार, सातवीला भरती-ओहोटी आणि नववीला लाटांचे कार्य शिकवणार, तो बहुधा कला शाखेतून आलेला असतो.

कला शाखेतून येण्यात कमीपणा काही नाही. आमची तक्रार शाखेबद्दल नाही, तयारीबद्दल आहे. पृथ्वीविषयी शिकवणाऱ्या या शिक्षकाच्या तयारीत प्रत्यक्ष पृथ्वी, म्हणजे पायाखालचा दगड, माती आणि पाणी, कोठे येते? या प्रश्नाची कसोटी आम्ही एका ठरावीक जागेवर लावून पाहणार आहोत. ती जागा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील हेदवी.

हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. शाळांच्या सहली तेथे येतात त्या मुख्यतः दर्शनासाठी. त्याच गावाच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या मंदिराजवळ, काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या घळीत शिरते, आत कोंडते आणि मोठा आवाज करून तुषारांचा खांब वर उडवते. सहलीतली मुले ओरडतात, छायाचित्रे काढली जातात, आणि बस पुढच्या मुक्कामाला निघते. सहलीच्या वहीत एक वाक्य लिहिले जाते : लाटांच्या माऱ्याने खडक झिजून घळ तयार झाली.

हे वाक्य चूक नाही, पण ते अपुरे आहे. लाटा तर त्या कातळावर सगळीकडेच आपटतात. मग घळ येथेच का झाली, दहा पावलांवर का नाही? हा प्रश्न सहावीतले मूलसुद्धा विचारू शकते. त्याचे उत्तर शोधण्याची तयारी शिक्षकाची झालेली असते काय, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

प्रथम त्या तयारीकडे पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत घालवण्याची तरतूद आली. ही वाढ स्वागतार्हच होती. या काळात उमेदवार सूक्ष्म अध्यापन करतो, म्हणजे प्रस्तावना, प्रश्न विचारणे, फलकलेखन, उदाहरणे देणे अशी एकेक कौशल्ये सुटी करून घोटवतो. मग पूर्ण पाठ घेतो. त्याआधी पाठाचे टाचण काढतो. त्यात उद्दिष्टे, साहित्य, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, मूल्यमापन असे रकाने असतात. रकाने बदलले, नावे बदलली, तरी हर्बार्टच्या पंचपदीची सावली अजून त्यांवर आहे. पाठाचा निरीक्षक मागच्या बाकावर बसून आवाज, फळा, साहित्य, वर्गावरचे नियंत्रण यांना गुण देतो.

समजा, असा एक उमेदवार ‘सागरी लाटांचे कार्य’ हा पाठ घेतो आहे. त्याने रात्र जागून थर्माकोलचा किनारा केला आहे. निळा रंग दिला आहे, कडा, गुहा, कमान, स्तंभ हे सारे त्यावर आहे आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आहे. पाठ उत्तम झाला असे सगळे म्हणतील. आता याच उमेदवाराला आपण ओहोटीच्या वेळी बामणघळीपासून सुरक्षित अंतरावर उभे करू.

पहिली अडचण लगेच येते. समोरची वस्तू थर्माकोलवरच्या कोणत्याच चिठ्ठीत नीट बसत नाही. ती गुहा नाही, कारण तिला छप्पर नाही. कमान नाही आणि स्तंभही नाही. कड्यात आत घुसलेली ही उभी, अरुंद चीर आहे. तिला आपल्या भाषेत ‘घळ’ हा अचूक शब्द आहे, पण तो परिभाषेच्या यादीत नसल्यामुळे उमेदवाराला तो वापरण्याचा धीर होत नाही. तो शेवटी ‘गुहा’ म्हणून मोकळा होतो. यादीपाशी थांबलेल्या अभ्यासात हा दोष हमखास येतो. समोर दिसते त्याला यादीतले नाव चिकटवले की काम संपले असे वाटू लागते.

दुसरी अडचण आम्ही वर मांडलेल्या प्रश्नाची : घळ येथेच का? दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. थर थिजताना आकुंचन पावले आणि त्यांत उभे सांधे पडले. पुढे भूहालचालींनी आणखी भेगा पडल्या. लाट सांध्यात शिरते तेव्हा आतली हवा दाबली जाते, आणि लाट मागे सरली की ती एकदम सुटते. या ओढाताणीने सांध्याच्या कडांचे तुकडे निखळतात, आणि तेच तुकडे पुढच्या लाटेबरोबर भिंतींवर आदळत राहतात. दोन्ही बाजूंचा अभंग कातळ टिकतो आणि मधला कच्चा पट्टा रिकामा होतो. लाट सगळीकडे सारखाच मारा करते, पण खडक सगळीकडे सारखा नसतो. झिजेचा आकार लाटेइतकाच खडकाच्या घडणीने ठरतो.

पण कच्चा पट्टा सांध्याचाच असेल असे नाही. तेथे भ्रंश असू शकतो, म्हणजे भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असू शकतात. किंवा तेथे डाइक असू शकतो, म्हणजे जुन्या खडकाच्या उभ्या भेगेत नंतर घुसून थिजलेला लाव्हा, जो कालांतराने आजूबाजूच्या खडकाआधी झिजून गेला. आता यांपैकी काय खरे, हे पुस्तक सांगणार नाही. ते डोळ्यांनी ठरवायचे आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. नुसता सांधा असेल तर दोन्ही भिंतींचा दगड एकसारखा असेल, आणि आसपासच्या कातळात त्याच दिशेच्या आणखी बारीक भेगा दिसतील. भ्रंश असेल तर एका भिंतीवरचे थर दुसऱ्या भिंतीवर वर किंवा खाली सरकलेले दिसतील आणि मधला दगड चुरडलेला असेल. डाइक असेल तर घळीच्या जमिनीकडच्या टोकाला किंवा भिंतीला चिकटून वेगळ्या पोताच्या दगडाचे अवशेष राहिलेले असतील. त्याचा दाणा कडेला बारीक आणि मध्ये जरा भरड असेल, कारण कडेचा लाव्हा लवकर थिजतो. एक होकायंत्र, एक भिंग, एक वही आणि ओहोटीचे दोन तास एवढे साहित्य पुरे.

भूविज्ञानाच्या शिक्षकाची तयारी म्हणजे आमच्या मते हीच. एका दृश्याची तीन संभाव्य कारणे सुचणे, आणि कोणती खूण दिसली तर कोणते कारण गळेल हे आधी सांगता येणे. ज्याने हे आयुष्यात एकदा तरी एका खऱ्या दगडापुढे केले आहे, तो वर्गात ‘का’ विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवणार नाही. ज्याने ते कधीच केले नाही, त्याच्याजवळ उत्तम फलकलेखन असूनही सांगण्यासारखे फारसे काही नसते.

तिसरी अडचण काळाची. सहलीत आणि माहितीपत्रकांत ‘लाखो वर्षे लाटा आदळून’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. खडकाचे वय कोट्यवधी वर्षांचे आहे हे खरे, पण घळीचे वय हा वेगळा हिशेब आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हेदवीचा हा कातळ समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत, कोरड्यात होता. समुद्र आजच्या पातळीच्या जवळपास आला त्याला ६-७ हजार वर्षे झाली. त्याआधीही, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, तो जवळजवळ आजच्याइतका, किंबहुना थोडा वर होता. म्हणजे या कातळावर लाटांचे काम सलग नाही, खेपांनी झालेले आहे. खडक किती जुना आणि त्यावरची खूण किती जुनी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणे ही या विषयाची पहिली शिस्त आहे. प्रशिक्षणात ती क्वचितच शिकवली जाते.

किनाऱ्यावरून वर सड्यावर आलो की दगडाचा रंग बदलतो. खाली काळा कातळ, वर तांबडा जांभा. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. अशा वर्गात शिक्षक फळ्यावर तीन रकाने आखतो : अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. मुलाने भिंतीवर हात ठेवून विचारले, ‘गुरुजी, हा कोणत्यातला?’ तर काय सांगायचे? जांभा या तीन रकान्यांत सरळ बसत नाही. भरपूर पाऊस आणि मग कडक उन्हाळा अशा हवामानात मूळ खडकातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यांचा हा दगड. तो मुख्यतः विदारणातून, म्हणजे खडक जागच्या जागी कुजून, तयार झालेला आहे. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत असताना तो सहज तासता येतो आणि उघड्यावर आल्यावर टणक होतो, हे बुकाननने नोंदवले. चिरेखाणीवर काम करणाऱ्या माणसाला ते रोजच ठाऊक असते, आणि त्याची मुले याच वर्गात बसलेली असतात.

भरतीच्या वेळेचेही तसेच आहे. बामणघळीचा फवारा पाहायचा तर भरती केव्हा हे कळले पाहिजे. कोकणात जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सातवीच्या वर्गातली मच्छीमारांची मुले हा आडाखा घरून घेऊन येतात. शिक्षकाची तयारी असेल तर त्यातून केवढा धडा उभा राहतो पाहा. अमावास्येची भरती बाराला धरून हिशेब सुरू केला, तर पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, आडाखा सव्वाअकरा सांगतो. पण अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही दिवशी चंद्र, सूर्य आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत असतात. त्यामुळे दोन्ही दिवशी भरतीची वेळ साधारण एकच यायला हवी. मग ही ४५ मिनिटे कोठे गेली? पंधरा तिथींत चंद्र सूर्याच्या तुलनेत अर्धे वर्तुळ मागे पडतो, म्हणजे १२ तास. १२ तासांचे पंधरा भाग केले तर एका तिथीला ४८ मिनिटे येतात. आडाख्याने तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ती ४५ केली. रोजची ३ मिनिटे सुटली आणि पंधरा तिथींची ४५ झाली. शिवाय सुरुवातीची ‘बारा’ ही वेळही प्रत्येक किनाऱ्याला थोडी वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांशी पडताळून आपल्या किनाऱ्याचा फरक काढता येतो. एवढ्या एका आडाख्यात खगोल, गणित, समुद्र आणि मोजमापातली चूक हे सारे आले.

आमच्या दृष्टीने खरे नुकसान येथे होते. रत्नागिरी जिल्ह्यात घाटावरून नेमणूक होऊन आलेले शिक्षक पुष्कळ आहेत, आणि कोणी रुजू होईपर्यंत समुद्र पाहिला नसेल तर त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या प्रशिक्षणाने त्याला नव्या जागेची जमीन वाचायला शिकवले नाही, तर मुलाचा आडाखा त्याला गावठी वाटतो. तो तपासून न पाहताच बाजूला सारला जातो आणि फळ्यावर पुस्तकातली आकृती येते. आपल्याला जे ठाऊक आहे त्याला शाळेत किंमत नाही, हे मूल त्या दिवशी शिकते. हा धडा ते सहसा विसरत नाही.

पाठ्यपुस्तकाने काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा होता. नळदुर्गहून निघून अलिबागपर्यंत जाणारी मुले वाटेत जमीन, माती, पिके, घाट आणि किनारा कसे बदलत जातात हे पाहतात, अशी त्याची रचना होती. पठार, घाट आणि कोकणपट्टी एका ओळीत दाखवणारी ही कल्पना चांगली होती, आणि ती दहावीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला ठेवण्यात धाडसही होते. पण त्याच्या स्वाध्यायात क्षेत्रभेटीला साहित्य कोणते न्याल, कचऱ्याची व्यवस्था कशी लावाल, क्षेत्रभेटीची गरज काय, असे प्रश्न होते. या प्रश्नांची उत्तरे वर्गाबाहेर पाऊल न टाकता लिहिता येतात, आणि मार्गदर्शकांतून ती तयार मिळू लागली. भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची. तिच्यात क्षेत्रभेट हा हमखास गुण देणारा प्रश्न झाला. ज्या शिक्षकाने स्वतः कधी क्षेत्रभेट आखली नाही, त्याच्या हाती पडल्यावर क्षेत्रभेटीचेही पाठांतरच व्हायचे. पुस्तक सुधारले आणि शिक्षकाची तयारी तशीच राहिली, तर सुधारणा कोठे अडते याचे हे उदाहरण आहे.

वेगळ्या रीतीने परीक्षा घेता येते हेही आपण पाहिले आहे. आंतरराष्ट्रीय भूविज्ञान ऑलिंपियाड २००७ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते आपल्याकडे म्हैसूरला भरले. त्यात निरनिराळ्या देशांच्या मुलांचे मिश्र गट करून त्यांना प्रत्यक्ष जागेवर निरीक्षणाला नेतात, आणि गटाला आपला निष्कर्ष पुराव्यासह मांडावा लागतो. मुलांकडून जे अपेक्षित आहे, ते त्यांच्या शिक्षकाकडून आधी अपेक्षित नको काय?

यावर अनुभवी शिक्षक जे म्हणतील ते आम्ही ऐकलेले आहे. वर्गात साठ मुले, सहलीला परवानगीचे कागद, एस.टी.चे भाडे, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, आणि समुद्राची जोखीम. यातले एकही कारण खोटे नाही. बामणघळीची जोखीम तर अगदी खरी आहे. ओल्या कातळावर पाय घसरतो, उधाणाची लाट अंदाज देत नाही, आणि पावसाळ्यात तेथे मुलांना नेऊच नये. पण ही सगळी कारणे विद्यार्थ्यांच्या सहलीविरुद्धची आहेत. आम्ही बोलतो आहोत ते शिक्षकाच्या तयारीबद्दल. त्यासाठी साठ मुले न्यावी लागत नाहीत. वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवातले दोन दिवस आणि पाच-सहा उमेदवारांचा गट पुरेसा आहे.

ही तयारी कशी असावी याची आमची सूचना साधी आहे. भूगोल अध्यापन पद्धती घेणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने आपल्या महाविद्यालयापासून जवळची एक जागा निवडावी. तेथे वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जावे. किनारा असेल तर एकदा ओहोटीला, एकदा भरतीला सुरक्षित अंतरावरून, आणि एकदा पावसाळा संपल्यावर. पहिल्या भेटीत फक्त दिसते ते लिहावे व काढावे, कारण लिहू नये. दुसऱ्या भेटीत कारणे सुचवावीत आणि प्रत्येकाची खूण ठरवावी. तिसऱ्या भेटीत जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकाला बरोबर न्यावे आणि आपले तर्क त्याच्यापुढे तपासून घ्यावेत. गावातल्या माणसांकडून जागांचे, दगडांचे, पाण्याचे शब्द गोळा करावेत. सडा, कातळ, घळ, चिरा, उधाण, भांग हे शब्द परिभाषेशेजारी वहीत लिहावेत. मग टाचण काढावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी सेवेतल्या शिक्षकांसाठीही हेच करायला हरकत नाही. पाठाच्या निरीक्षण तक्त्यात आणखी एक रकाना घालावा : शिक्षकाने सांगितलेली गोष्ट त्याने स्वतः पाहिली आहे काय?

हेदवी नसलेल्या गावांनी काय करावे, असे कोणी विचारील. सोलापूरकडच्या विहिरीच्या भिंतीत लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. रस्त्यासाठी फोडलेल्या टेकडीत सांधे दिसतात. नदीच्या वळणावर एक काठ तुटताना आणि दुसरा भरताना दिसतो. लोणारजवळच्या शाळांना तर उल्काघाताने बेसॉल्टात झालेले विवर लाभले आहे. महाराष्ट्रात अशी शाळा विरळा, जिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पृथ्वीची एखादी उघडी बाजू नाही.

थर्माकोलचा किनारा करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो जरूर करावा, पण खरा किनारा पाहून आल्यावर करावा. मग त्यावर कमानी आणि स्तंभांबरोबर एक अरुंद चीरही येईल, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत उमेदवार न संकोचता ‘घळ’ असे लिहील.